ऑटोमॅटिक गाडीचे पत्रक कसे वाचावे?

लाखांदूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला गिअर म्हणजे काय, हे कुणी शिकवावे लागत नाही. पाऊस पडून बांधीत पाणी साठले की चिखलणीसाठी ट्रॅक्टर उतरतो. तो लो रेंजच्या कोणत्या गिअरवर चालवायचा, हे शेतकऱ्याच्या घरातल्या पोरालाही ठाऊक असते. ट्रॅक्टरच्या पत्रकात ‘८+२’ असे छापलेले असते. चार पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स, हाय आणि लो अशा दोन रेंजमध्ये वापरले की आठ पुढचे आणि दोन मागचे होतात, एवढाच त्याचा अर्थ. शेजारी पीटीओच्या दांड्याचे मिनिटाला ५४० फेरे लिहिलेले असतात, कारण मळणीयंत्र त्यावर चालायचे असते. हे आकडे पाहून, विचारून, ताडूनच ट्रॅक्टर दारात येतो.

तोच माणूस मोटार घ्यायला भंडाऱ्याच्या किंवा नागपूरच्या शोरूममध्ये गेला की मात्र ‘ऑटोमॅटिक आहे ना?’ या एका प्रश्नावर थांबतो. पत्रकात ‘५-स्पीड एएमटी’, ‘६-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर’, ‘७-स्पीड डीसीटी’, ‘सीव्हीटी’ असे काहीतरी लिहिलेले असते. सातपेक्षा सहा कमी आणि सहापेक्षा पाच कमी, एवढाच हिशेब बहुतेकांच्या मनात होतो. खरे तर गिअर किती, हा त्या पत्रकातला सगळ्यांत कमी सांगणारा आकडा आहे. गिअरबॉक्सचा प्रकार, त्याची गुणोत्तरे, तो पेलू शकणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, आणि त्याला लागणारे तेल या चार गोष्टी कळल्या, तर ती गाडी आपल्या रस्त्याला आणि आपल्या हवामानाला झेपेल की नाही, हे घरी बसून सांगता येते.

आपला रस्ता आणि आपले हवामान कसे आहे, तेही आधी लक्षात घेऊ. चुलबंद आणि वैनगंगा या नद्यांच्या काठचा हा धानाचा मुलूख सपाट आहे. घाट नाहीत, पण पावसाळ्यात शिवारातल्या वाटा चिखलाने भरतात. वडसा जवळ आहे, पवनी आणि साकोलीकडे रोजची ये-जा असते. पण नागपूर शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करणारा जाणता कारागीर शोधायचा तर तिथवरच जावे लागते. उन्हाळ्यात वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि देशातल्या सर्वाधिक तापलेल्या गावांत तिचे नाव येते. गिअरबॉक्सची परीक्षा चिखल, लांबचा सरळ रस्ता, उष्णता आणि पूर या चार ठिकाणी होणार आहे.

एका नावाखाली चार यंत्रे

आपल्याकडच्या सर्वसामान्य घरात ऑटोमॅटिक आले ते दुचाकीतून. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने जपानच्या होंडाशी भागीदारी करून १९८४ मध्ये कायनेटिक होंडा बाजारात आणली. क्लचची मूठ नाही, गिअर टाकायचा नाही, बटण दाबले की गाडी सुरू. आज गावोगावी धावणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये तेच तत्त्व आहे. दोन पुली आणि त्यांच्यामधून फिरणारा पट्टा. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात आणि पुलीच्या दोन भागांना जवळ आणतात. पट्टा तिथे वर चढतो आणि मागच्या पुलीत खाली उतरतो. त्यामुळे गुणोत्तर पायऱ्या न घेता सलग बदलत जाते. यालाच सीव्हीटी म्हणतात. नेदरलँड्सच्या हुब व्हान डोर्ने यांनी १९५८ मध्ये डाफच्या छोट्या मोटारीत हेच तत्त्व रबरी पट्ट्यासह आणले. आजच्या मोटारींत रबराऐवजी पोलादी पट्टा किंवा साखळी असते. सीव्हीटी अत्यंत मऊ चालते. मात्र तिची सारी ताकद पट्टा आणि पुली यांच्या घर्षणावर अवलंबून असल्याने जड ओझे ओढायला ती योग्य नव्हे.

दुसरे यंत्र एएमटी. हा नेहमीचाच हाताने टाकायचा गिअरबॉक्स असतो. फरक एवढाच, की क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम माणसाऐवजी संगणकाच्या हुकमाने चालणारी यंत्रणा करते. भारतात ही पद्धत लोकप्रिय केली ती फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेल्या मारुती सेलेरिओने. साध्या सेलेरिओपेक्षा सुमारे ४० हजार रुपये जास्त देऊन ऑटोमॅटिक मिळू लागली आणि दोन्हींचे प्रमाणित मायलेज सारखेच, लिटरला २३.१ किलोमीटर होते. त्याच वर्षी टाटाच्या झेस्टने डिझेल एएमटी आणली. एएमटीचे दुखणे एकच. गिअर बदलताना क्लच सुटतो, तेवढा क्षण चाकांकडे जाणारी ताकद तुटते आणि गाडी किंचित झुकल्यासारखी वाटते.

तिसरे यंत्र डीसीटी, म्हणजे दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स. एक, तीन, पाच हे गिअर एका क्लचवर, तर दोन, चार, सहा हे दुसऱ्यावर. गाडी तिसऱ्यात धावत असतानाच चौथा जुळवून तयार असतो. एक क्लच सुटतो त्याच वेळी दुसरा पकडतो. त्यामुळे ताकद तुटत नाही. फ्रेंच अभियंता अडॉल्फ केग्रेस यांनी १९३९ मध्येच ही कल्पना मांडली होती, पण ती चालवायला लागणारे नियंत्रण तेव्हा नव्हते. साध्या ग्राहकाच्या मोटारीत ती २००३ मध्ये फोक्सवॅगनने आणली.

चौथे आणि सर्वांत जुने यंत्र म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स. नुसते ‘ऑटोमॅटिक’ म्हटले की अभियंत्याच्या डोळ्यांपुढे हेच येते. त्याचे अंतरंग जरा सावकाश पाहण्यासारखे आहे.

तेलातून जाणारी ताकद

बाल्टिक किनाऱ्यावरच्या श्टेटिन या बंदरात, जे आज पोलंडमध्ये आहे, हेर्मान फ्योटिंगर नावाचे जर्मन अभियंते जहाजबांधणीच्या कारखान्यात होते. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो. या दोघांना जोडायचे कसे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. १९०५ मध्ये त्यांनी त्याचे उत्तर पेटंट म्हणून नोंदवले. दोन चाके एकमेकांना न चिकटवता मध्ये द्रव ठेवायचा आणि त्या द्रवाच्या प्रवाहातूनच ताकद पोहोचवायची.

मोटारीतल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये पात्यांची तीन चाके असतात. पहिले इंजिनाला जोडलेले. ते फिरले की तेल बाहेरच्या कडेला फेकले जाते. दुसरे गिअरबॉक्सला जोडलेले. त्याच्या पात्यांवर तेल आदळते आणि ते फिरू लागते. तिसरे, म्हणजे स्टेटर, या दोघांच्या मध्ये असते. परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवून ते पहिल्या चाकाच्या फिरण्याच्या दिशेने सोडणे, हे त्याचे काम. म्हणूनच गाडी जागेवरून हलताना टॉर्क जवळपास दुप्पट होतो. वेग वाढून पहिली दोन चाके जवळपास बरोबरीने फिरू लागली की स्टेटरची गरज संपते आणि तो मोकळा फिरतो.

ब्रेक सोडला की ऑटोमॅटिक गाडी आपोआप सरकू लागते ती याच तेलामुळे. इंजिन बंद न पडता गाडी उभी राहू शकते तीही यामुळेच. याची किंमत म्हणजे घसर. तेलाने जोडलेली चाके कधीच शंभर टक्के बरोबरीने फिरत नाहीत, आणि जी ताकद घसरते तिची उष्णता होते. म्हणून कन्व्हर्टरच्या आत एक क्लच बसवतात. वेग स्थिरावला की तो इंजिन आणि गिअरबॉक्स यांना थेट जोडून टाकतो. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्ये हा लॉक-अप क्लच प्रथम आणला. आज तो जवळपास प्रत्येक टॉर्क कन्व्हर्टरमध्ये असतो आणि महामार्गावरचे मायलेज त्याच्या जिवावर टिकते.

कन्व्हर्टरच्या मागे गिअर असतात, पण ते हाताने टाकायच्या गाडीसारखे शेजारी-शेजारी मांडलेले नसतात. मध्यभागी एक चाक, त्याला सूर्यचक्र म्हणू. त्याभोवती फिरणारी तीन-चार छोटी ग्रहचक्रे, त्यांना धरून ठेवणारा सांगाडा, आणि सर्वांना वेढणारे आतून दात असलेले वलयचक्र. समजा सूर्यचक्राला ३० दात आहेत आणि वलयचक्राला ७०. वलय घट्ट धरून सूर्यचक्र फिरवले, तर सांगाडा ३.३३ पट सावकाश पण तेवढ्याच पट ताकदीने फिरतो. सूर्य धरून वलय फिरवले, तर तोच आकडा १.४३ होतो. सांगाडा धरला, तर वलय उलट दिशेने २.३३ पट सावकाश फिरते, हा रिव्हर्स. कोणतेही दोन भाग एकमेकांना बांधले, की सारा संच एकसारखा फिरतो. हा थेट गिअर. दात कधीच सुटत नाहीत. काय धरायचे आणि काय सोडायचे, एवढेच तेलाच्या दाबाने चालणारे क्लच ठरवतात.

असे दोन-तीन संच एकामागोमाग जोडले की चार, सहा, आठ गिअर तयार होतात. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ओल्ड्समोबाइलसाठी जाहीर केलेल्या हायड्रा-मॅटिकमध्ये असे चार पुढचे गिअर होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात तोच गिअरबॉक्स अमेरिकी रणगाड्यांत बसला आणि त्याच्या टिकाऊपणाबद्दलची शंका मिटली. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा ‘८एचपी’ हा २००९ पासूनचा आठ-स्पीड गिअरबॉक्स असे चार संच आणि पकड घेणारे पाच घटक एवढ्यांवर चालतो.

गुणोत्तरांची ओळ

पत्रकाच्या शेवटच्या पानावर, किंवा कंपनीच्या तांत्रिक माहितीत, गुणोत्तरांची ओळ असते. ग्राहक ती सोडून देतो, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त सांगणारी आहे. जपानच्या आयसिन कंपनीचा सहा-स्पीड गिअरबॉक्स जगभरच्या अनेक मोटारींत वापरला गेला. त्याची गुणोत्तरे अशी : पहिला ४.१४८, दुसरा २.३७०, तिसरा १.५५६, चौथा १.१५५, पाचवा ०.८५९, सहावा ०.६८६ आणि रिव्हर्स ३.३९४.

पहिल्याचा आकडा मोठा, याचा अर्थ इंजिन चार फेरे घेईल तेव्हा बाहेरचा दांडा एक घेईल, आणि टॉर्क चौपटीने वाढेल. हा ट्रॅक्टरच्या लो गिअरचाच हिशेब आहे. शेवटच्याचा आकडा एकपेक्षा लहान, म्हणजे दांडा इंजिनापेक्षा वेगाने फिरेल. ताकद कमी, पण इंजिनाला विसावा. पहिल्याला शेवटच्याने भागले की एकूण पल्ला कळतो. इथे तो ६.०५ येतो. झेडएफच्या आठ-स्पीडमध्ये पहिला ४.७१४ आणि आठवा ०.६६७, म्हणजे पल्ला सात. जनरल मोटर्सच्या जुन्या चार-स्पीडमध्ये तो ३.०५९ ते ०.६९६, म्हणजे केवळ ४.४ होता. चारवरून आठवर गेल्याने गिअर दुप्पट झाले, पण पल्ला दुप्पट झाला नाही. वाढलेल्या गिअरांतून मिळाल्या त्या मुख्यतः जवळ-जवळच्या पायऱ्या, आणि म्हणून गिअर बदलल्याचा धक्का कमी झाला.

हा आकडा रस्त्यावर कसा उतरतो, ते एका उदाहरणातून पाहू. धरून चालू, की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी २ मीटर जाते आणि शेवटच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.७ आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला ८३३ फेरे घेते. सहाव्या गिअरमध्ये इंजिन २,११५ फेऱ्यांवर राहील, पाचव्यात २,६४९ वर, चौथ्यात ३,५६१ वर. नागपूरच्या लांब सरळ रस्त्यावर सहावा गिअर असणे म्हणजे काय, ते या तीन आकड्यांत आहे. त्याच गाडीने पहिल्या गिअरमध्ये ताशी १० किलोमीटरने शिवारातली वाट धरली, तर इंजिन १,२७९ फेऱ्यांवर, ना गुदमरलेले ना ओरडणारे, शांत चालेल. म्हणून पत्रक हाती आले की पहिला आणि शेवटचा हे दोन आकडे आधी पाहावेत, आणि शेजारी डिफरन्शियलचा आकडा पाहून त्यांचा गुणाकार करावा. दोन गाड्यांची तुलना करायची असेल, तर टायरचा आकार सारखा आहे ना, हेही तपासावे.

पेलण्याची मर्यादा

प्रत्येक गिअरबॉक्स ठरावीक टॉर्कच पेलू शकतो. काही कंपन्या तो नावातच सांगतात. झेडएफच्या ‘८एचपी७०’ मध्ये ८ म्हणजे आठ गिअर आणि ७० म्हणजे सुमारे ७०० न्यूटन-मीटर. फोक्सवॅगनच्या सात-स्पीड कोरड्या क्लचच्या डीसीटीची, म्हणजे ‘डीक्यू२००’ ची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. हाच गिअरबॉक्स २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यात बनलेल्या पोलो जीटीला मिळाला, तेव्हा तिच्या इंजिनाचा टॉर्क १७५ होता. २०२१ मध्ये त्याच चाकणमधून स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन बाहेर पडल्या, तेव्हा कंपनीने विभागणी केली. १७८ न्यूटन-मीटरच्या एक लिटर इंजिनाला सहा-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर दिला, आणि २५० न्यूटन-मीटरच्या दीड लिटर इंजिनाला सात-स्पीड डीसीटी. म्हणजे मोठे इंजिन घेणाऱ्याच्या वाट्याला मर्यादेच्या काठावर काम करणारा कोरडा क्लच येतो. चपळपणा हवा असेल, मोकळा महामार्ग असेल, तर तो उत्तम आहे. पण ४५ अंशांच्या उन्हात, लग्नसराईच्या गर्दीत, इंच-इंच सरकत जायचे असेल, तर कोरड्या क्लचला आपली उष्णता टाकायला हवेशिवाय काही नसते.

म्हणूनच डीसीटी पाहताना क्लच कोरडा की तेलात बुडालेला, हे विचारणे आवश्यक आहे. टाटाने मार्च २०२२ मध्ये अल्ट्रोझमध्ये आणलेला सहा-स्पीड ‘डीसीए’ ओल्या क्लचचा आहे. तिथे तेल क्लचची उष्णता वाहून नेते. पुण्यात बनणाऱ्या गाडीत असा निर्णय होतो, तेव्हा आपल्या उन्हाचा आणि आपल्या गर्दीचा विचार त्यामागे असतो.

नाशिकमध्ये बनणाऱ्या महिंद्रा थारचे पत्रक या बाबतीत आवर्जून वाचावे. २०२० च्या थारच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क हाताच्या गिअरबॉक्ससोबत ३०० आणि ऑटोमॅटिकसोबत ३२० न्यूटन-मीटर आहे. चाकणच्या स्कॉर्पिओ-एनमध्ये डिझेलचा टॉर्क हाताच्या गिअरसोबत ३७० आणि ऑटोमॅटिकसोबत ४०० आहे. इंजिन तेच, पण जोडीदार बदलला की आकडा बदलतो. दोन्ही गाड्यांत सहा-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर आहे. ‘ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक’ हा गैरसमज एवढ्यावरून मिटायला हरकत नाही. चारही चाकांवर चालणाऱ्या थारमध्ये याशिवाय ट्रॅक्टरसारखी लो रेंजही आहे, आणि चिखलात तिचे मोल धानपट्ट्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

तेल आणि ताप

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल वंगणाचे काम करते, शिवाय ताकद वाहते, क्लच दाबते आणि उष्णताही बाहेर काढते. एकाच तेलाला ही सारी कामे करायची असल्याने त्याचे स्पेसिफिकेशन काटेकोर असते. जनरल मोटर्सच्या ‘डेक्सरॉन-६’ या मानकात १०० अंश सेल्सिअसला तेलाची स्निग्धता जास्तीत जास्त ६.४ सेंटिस्टोक असावी, असे ठरवलेले आहे. त्याआधीचे तेल याहून दाट असे. सीव्हीटीचे तेल वेगळे असते, कारण तिथे पट्टा घसरू नये म्हणून विशिष्ट घर्षण लागते. बहुतेक एएमटींत तर हाताच्या गिअरबॉक्सचेच तेल लागते, आणि क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचे तेल निराळे. ‘ऑटोमॅटिकचे तेल’ म्हणून कुठल्याही दुकानातून कुठलाही डबा आणून ओतणे, हा गिअरबॉक्स लवकर मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले नाव आणि डब्यावरचे नाव तंतोतंत जुळले पाहिजे.

चांगल्या अवस्थेत या तेलाचे तापमान साधारण ८० ते १०० अंशांच्या दरम्यान असते. सर्वाधिक उष्णता तयार होते ती कन्व्हर्टर घसरत असताना. म्हणजे वेग कमी, ओझे जास्त आणि पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला, अशा वेळी. चिखलात चाक अडकले आणि गिअरचा दांडा ‘डी’ वर, म्हणजे पुढे चालण्याच्या स्थितीत, ठेवूनच रेटत राहिलो, तर गाडी जागेवर आणि तेल तापत, अशी स्थिती होते. अशा वेळी हाताने खालचा गिअर निवडावा, जरा दम घेऊन पुन्हा प्रयत्न करावा, आणि नाहीच निघाली तर ट्रॅक्टर बोलवावा. एएमटीच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी धरून ठेवू नये. ब्रेक किंवा हँडब्रेक वापरावा. एएमटीचा क्लच साध्या गाडीसारखाच झिजतो, आणि तो संगणक चालवतो म्हणून जास्त टिकेल असे नाही.

‘यातले तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही’ असे काही विक्रेते सांगतात. त्यावर विसंबू नये. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर, किंवा आठ वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तेल बदलण्याचा सल्ला देते. आपल्या उन्हाळ्यात हा पल्ला अलीकडचाच धरलेला बरा.

पूर, धक्का आणि दोरी

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा जिल्ह्याला वेढले होते. नदीकाठच्या माणसाला पूर नवा नाही, पण ऑटोमॅटिक गाडी पुरात सापडली तर काय करायचे, हे ठाऊक असायला हवे. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक छोटी नळी असते. तापलेला गिअरबॉक्स अचानक थंड पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि त्या नळीतून पाणी आत ओढले जाऊ शकते. तेलात पाणी मिसळले की त्याचा रंग दुधाळ होतो. क्लचच्या चकत्यांवरचे घर्षण-आवरण कागदासारख्या तंतूंचे असते. ते पाणी शोषते आणि त्याचा चिकटा सुटतो. म्हणून पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये. तेल तपासून, गरज पडल्यास बदलूनच पुढे जावे.

बॅटरी उतरली तर ढकलून गाडी सुरू करण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ती चालत नाही. तेलाचा दाब तयार करणारा पंप इंजिनाच्या बाजूने फिरतो. इंजिन बंद असेल तर दाब नाही, आणि दाब नसेल तर चाकांची ताकद इंजिनापर्यंत पोहोचत नाही. एएमटीचा क्लचही विजेवर चालणाऱ्या यंत्रणेच्या ताब्यात असल्याने बॅटरी पार उतरल्यावर धक्क्याचा उपयोग होत नाही. त्याच कारणाने बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरीने बांधून लांबवर ओढणे घातक आहे. चाकांमुळे आतले गिअर फिरतात, पण पंप थांबलेला असल्याने त्यांना तेल मिळत नाही. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल, तर ती पुढची चाके उचलूनच न्यावी. चारही चाकांवर चालणारी असेल, तर सपाट ट्रकवर चढवून न्यावी. जम्पर केबल आणि मदत करणाऱ्या वाहनाचा नंबर, या दोन गोष्टी गाडीत असाव्यात.

‘पी’ वर, म्हणजे पार्किंगच्या स्थितीत, गाडी उभी करताना आतला एक छोटा खटका दांड्याच्या दातांत अडकतो. उतारावर गाडीचे सारे वजन त्या खटक्यावर पडू नये, म्हणून आधी हँडब्रेक ओढावा आणि मग ‘पी’ टाकावा.

मायलेजचा आकडा

पत्रकातल्या मायलेजखाली बहुधा एआरएआयचे नाव असते. ही पुण्याची वाहन-संशोधन संस्था १९६६ पासून काम करते आहे. तिचे आकडे प्रयोगशाळेत, ठरावीक वेगांच्या क्रमाने मोजलेले असतात. त्यामुळे रस्त्यावर तेवढे मिळत नाही. पण एका गाडीच्या दोन प्रकारांची तुलना करायला ते उपयोगी पडतात. चाकणमध्ये बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचेच पाहा. २०२२ मध्ये एक लिटर इंजिन आणि हाताचा गिअर यांना लिटरला १९.४० किलोमीटर, त्याच इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर जोडला की १८.१२, आणि दीड लिटर इंजिनाला डीसीटी जोडली की १८.६७. टॉर्क कन्व्हर्टरची किंमत लिटरमागे सव्वा किलोमीटर, असा पहिल्या दोन आकड्यांचा अर्थ. मोठे इंजिन असूनही डीसीटी पुढे राहिली, यात तिच्या कमी घसरीचा वाटा आहे, आणि ओझे कमी असताना आपले दोन सिलिंडर बंद ठेवणाऱ्या त्या इंजिनाचाही.

विजेवर चालणाऱ्या मोटारींनी हा सारा हिशेब सोपा केला आहे. रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉन ईव्हीला गिअरांची शिडीच नाही. एकच कायमचे गुणोत्तर आहे. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण टॉर्क देते, त्यामुळे टॉर्क वाढवायला पहिला गिअर लागत नाही.

तरी पुढची अनेक वर्षे धानपट्ट्यातल्या दारात पेट्रोल आणि डिझेलच्याच गाड्या जास्त येत राहतील. त्यांच्यासाठी माझे मत स्पष्ट आहे. गावात आणि तालुक्याला ये-जा, कमी बजेट आणि जवळच्या मिस्त्रीला बराचसा समजेल असे यंत्र हवे असेल, तर एएमटी घ्यावी. चिखल, ओझे आणि ऊन तिन्ही सोसायचे असतील, तर टॉर्क कन्व्हर्टर. वारंवार नागपूर-पुण्याचा लांबचा प्रवास असेल, तर डीसीटी, पण ओल्या क्लचची. ओझे नसेल आणि मुख्यतः शहरात चालवायची असेल, तर सीव्हीटी. ट्रॅक्टर घेताना जेवढे प्रश्न विचारता, तेवढेच मोटार घेतानाही विचारा. प्रकार कोणता, पहिले आणि शेवटचे गुणोत्तर किती, पेलण्याची मर्यादा किती, आणि कोणते तेल किती किलोमीटरला बदलायचे, ही चार उत्तरे कागदावर लिहून घेतल्याशिवाय बुकिंगची रक्कम भरू नका.